फोनचा सातबारा कोणाच्या नावावर?

दिग्रस तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न आहे: "कापूस विकून पंचवीस-तीस हजारांचा फोन घ्यायचा आहे. एक मित्र म्हणतो, सेकंडहँड आयफोन घे, टिकतो. दुसरा म्हणतो, त्यात सगळं कंपनीच्या मर्जीने चालतं, अँड्रॉइडमध्ये आपण मालक असतो. पैसे माझे, तर फोन पूर्ण माझा का नाही? आणि दोघांत जास्त माझा कोणता?"

भाऊ, दारव्ह्यात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, २००८ पासून. अँड्रॉइडचा पहिला फोन बाजारात आला ते हेच वर्ष, आणि आयफोनचं ॲप स्टोअर सुरू झालं तेही हेच. माझ्या काउंटरवर मात्र तेव्हा नोकिया ११०० होता. नखाने पाठ उघडायची, बॅटरी बदलायची, पाठ लावायची. तेव्हा तुमचा प्रश्न कोणाला पडलाच नसता. आता पडतो, आणि माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या तीन-चार फोनचं दुखणं यंत्राचं नसतं, परवानगीचं असतं. म्हणून जरा लांबण लावून सांगतो.

तुम्ही शेतकरी आहात, तर सातबाऱ्यापासून सुरू करू. जमिनीवर नाव तुमचं असलं तरी भोगवटादार वर्ग १ की वर्ग २ हे पाहिल्याशिवाय कोणी इसार देत नाही. वर्ग २ ची जमीन कसता येते, पीक तुमचंच असतं, पण विकायची म्हटली की सरकारची परवानगी लागते. शिवाय 'इतर हक्क' नावाचा रकाना असतो, त्यात सोसायटीचा नाहीतर बँकेचा बोजा चढलेला असतो. आयफोन ही उघडउघड वर्ग २ ची जमीन आहे. ॲप कुठून घ्यायचं, बॅटरी कोणती लावायची, काय बसवायचं नाही, हे कंपनी ठरवते आणि ती ते लपवतही नाही. अँड्रॉइड वर्ग १ म्हणून विकला जातो. पण त्याच्या इतर हक्कांचा रकाना काढून पाहिला तर त्यात एक गूगल, एक फोन बनवणारी कंपनी आणि हप्त्यावर घेतला असेल तर एक फायनान्सवाला, अशी तीन नावं निघतात. तुमचा दुसरा मित्र हा रकाना वाचायला विसरला आहे.

आधी दुरुस्तीचं बोलतो, कारण आपल्या भागात मालकी तिथेच कळते.

यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास फिरतो. ॲपलची स्वतःची सूचना आहे की फोन ० ते ३५ अंश तापमानात वापरावा. आपल्याकडे होळीनंतर दिवसा ३५ च्या खाली पारा राहतो कुठे? फोन बांधावर असतो, ट्रॅक्टरच्या बोनेटवर असतो, मोटारसायकलच्या हँडलवर उन्हात तापत असतो. लिथियमच्या बॅटरीला उष्णतेइतका दुसरा शत्रू नाही. दोन उन्हाळे काढलेली बॅटरी उघडली की मला हाताला कळते: मधोमध पोट आलेलं असतं, डिस्प्लेची कड एका बाजूने किंचित उचललेली असते. म्हणजे फोन कोणताही घ्या, दोन-तीन वर्षांत बॅटरी बदलणं आलंच. ती कोण बदलू शकतो, कुठे आणि कोणाच्या परवानगीने, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा तुमच्यासाठी मोठा आहे.

आयफोनच्या बॅटरीला एक बारीक पट्टी असते आणि त्या पट्टीवर तांदळाच्या दाण्याहून लहान चिप. फोनचा बोर्ड त्या चिपला विचारतो, तू तीच का, जी कारखान्यात माझ्याबरोबर जोडली होती? उत्तर जुळलं नाही तर फोन चालतो, पण सेटिंगमध्ये सूचना येते की ही बॅटरी अस्सल आहे याची खात्री करता येत नाही, आणि बरीच वर्षं बॅटरीची तब्येत दाखवणारा आकडाही गायब व्हायचा. २०१८ च्या एक्सएस आणि एक्सआर मॉडेलपासून हे सुरू झालं. दुसऱ्या आयफोनमधून काढलेली कंपनीचीच बॅटरी लावली तरी तेच व्हायचं. मग आम्ही कारागीर काय करतो? जुन्या बॅटरीची पट्टी ब्लेडने अलगद सोडवतो आणि नव्या सेलला स्पॉट वेल्डिंगने जोडतो. ब्लेड अर्धा मिलिमीटर खोल गेलं तर सेल पेटतो. माझ्या डाव्या अंगठ्यावर त्याची खूण आहे. एक निरुपद्रवी सूचना घालवण्यासाठी हा धोका पत्करावा लागतो, कारण ती सूचना पाहिली की गिऱ्हाइकाला वाटतं दुकानदाराने फसवलं, आणि पुढे फोन विकताना भाव पडतो.

२०१५-१६ मध्ये तर याहून वाईट झालं होतं. बाहेरच्या दुकानात होम बटण बदललेले आयफोन नवं अपडेट घेतल्यावर 'एरर ५३' दाखवून ठार बंद पडले. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने ॲपलला न्यायालयात खेचलं आणि २०१८ मध्ये ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. बाहेर दुरुस्ती केली म्हणून ग्राहकाचा हक्क संपत नाही, हे तिथे ठरलं. २०१७ च्या शेवटी ॲपलने मान्य केलं की जुन्या बॅटरीचे फोन अपडेटमधून हळू केले जात होते. यात एक गोष्ट कंपनीच्या बाजूने सांगायलाच हवी: जीर्ण बॅटरीवर एकदम भार आला की व्होल्टेज कोसळतं आणि फोन अचानक बंद होतो, हे मी टेबलावर रोज पाहतो. वेग कमी करण्यामागचं कारण खोटं नव्हतं. चूक ही की मालकाला सांगितलं नाही. ज्याला पाचशे-हजाराची बॅटरी पुरली असती त्याने नवा फोन घेतला. फ्रान्समध्ये २०२० साली याच मुद्द्यावर अडीच कोटी युरोचा दंड बसला.

पुढे दबाव वाढला तशी गाठ थोडी सैल झाली. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने २०२४ मध्ये असं भाग 'जुळवून' बांधून ठेवण्यावर बंदी घालणारा कायदा केला, आणि आयओएस १८ या आयफोनच्या प्रणालीपासून जुन्या आयफोनमधले अस्सल भाग लावून फोनवरच जुळवून घ्यायची सोय आली. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं. पोर्टल उपयोगी आहे, मी त्यावर वॉरंटीच्या अटी पाहतो. पण कायद्याचं बळ नसलेल्या पोर्टलचं पट्टीवरची चिप ऐकत नाही.

अँड्रॉइडमध्ये बॅटरी आणि डिस्प्ले अजून बरेच मोकळे आहेत. सकाळी नागपूरच्या सीताबर्डीला फोन केला की संध्याकाळी एसटीने फोल्डर, म्हणजे काचेसकट अख्खा डिस्प्ले, येतं आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या हातात फोन जातो. अधिकृत सर्व्हिस सेंटरसाठी इथून नागपूर गाठायचं म्हणजे एक अख्खा दिवस आणि एक मजुरी. एवढ्या एका कारणासाठी मी गावातल्या माणसाला अँड्रॉइड सुचवत आलो आहे. पण त्यातही एक खोच आहे. स्वस्त मॉडेल दर चार महिन्यांनी बदलतात, आणि दोन वर्षांनी तुमच्या मॉडेलचं फोल्डर बाजारात मिळेनासं होतं. कुलूप नाही, पण किल्ली बनवणारा गेला, असं ते. युरोपने २०२५ च्या जूनपासून नियम केला की फोनचे सुटे भाग सात वर्षं मिळाले पाहिजेत आणि सॉफ्टवेअरचे अपडेट पाच वर्षं. असा नियम आपल्याकडे आला तर आयफोन-अँड्रॉइड या भांडणापेक्षा शेतकऱ्याचं जास्त भलं होईल, असं मला मनापासून वाटतं. युरोपचाच आणखी एक नियम आपल्याला फुकट लाभला: चार्जिंगची पिन एकच हवी म्हणून त्यांनी कायदा केला, आणि २०२३ च्या आयफोन १५ पासून तीच यूएसबी-सी पिन आली जी तुमच्या घरच्या अँड्रॉइडला चालते.

आता ॲपचं.

आयफोनमध्ये आपल्या देशात ॲप फक्त कंपनीच्या स्टोअरमधून येतं. अँड्रॉइडमध्ये प्ले स्टोअर सोडूनही एपीके फाइल उतरवून ॲप टाकता येतं. तुमचा मित्र ज्याला मालकी म्हणतो ती मुख्यतः हीच, आणि ती खरी आहे. पण ही मोकळीक गावात कोणत्या वाटेने येते ते मी पाहतो. गेल्या हिवाळ्यात एक शिक्षक दुकानात आले. व्हॉट्सॲपवर ओळखीच्या नंबरवरून लग्नाची पत्रिका आली होती, म्हणाले. फाइलचं नाव पत्रिकेचं, शेवट 'डॉट एपीके'. त्यांनी उघडली, फोनने दोनदा विचारलं, त्यांनी दोनदा 'अलाव' दाबलं, कारण लग्न भाचीचंच असेल असं वाटलं. ॲपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. रात्री साडेअकरा ते पावणेबाराच्या दरम्यान खात्यातून तीन वेळा मिळून एकेचाळीस हजार गेले. ओटीपी त्यांच्याच फोनवर येत होते आणि तिथून परस्पर पुढे जात होते. मी फोन हातात घेतला तेव्हा त्या ॲपचं चित्रही पडद्यावर नव्हतं. सेटिंगमध्ये खोल शिरून शोधावं लागलं. आधी फोन विमानाच्या खुणेवर टाकला, मग माझ्या फोनवरून १९३० या सायबर हेल्पलाइनला तक्रार लावून दिली. त्यांचे हात थरथरत होते. पीएम किसानच्या हप्त्याच्या नावाने, वाहनाच्या चलानच्या नावाने अशाच फाइली फिरतात. हे आयफोनवर झालं नसतं: तिथे बाहेरचं ॲप बसत नाही आणि कोणत्याही ॲपला एसएमएस वाचू दिले जात नाहीत. जे खरं ते मान्य केलं पाहिजे.

आपल्याकडे याला समजायला चोरबीटीपेक्षा जवळचा दाखला नाही. परवानगी नसलेलं तणनाशक-सहनशील कपाशीचं बियाणं, बिल नाही, लेबल नाही, उगवलं तर उगवलं. काही शेतकरी ते फसून घेतात आणि काही डोळे उघडे ठेवून, कारण निंदणाची मजुरी परवडत नाही. २०१९ च्या जूनमध्ये अकोट तालुक्यात शेतकरी संघटनेने ते जाहीरपणे पेरलं, तंत्रज्ञान निवडायचं स्वातंत्र्य हवं म्हणून. तेव्हा निवड कोणाची हा वाद विदर्भाला नवा नाही. बियाण्याला तपासणी हवी याबद्दल माझं दुमत नाही. पण तपासणारा कोण, हे विचारायला हवं. अकोल्यात महाबीज आहे, आणि अकोल्यातच बियाणे प्रमाणीकरण यंत्रणा आहे. विकणारा वेगळा, तपासणारा वेगळा. फोनच्या दुनियेत दोन्ही खुर्च्यांवर एकच माणूस बसतो. ॲपला पास-नापास करणारी कंपनी स्वतःची ॲप विकते आणि दुसऱ्याच्या विक्रीतून वाटाही घेते.

तो वाटा किती? डिजिटल विक्रीवर साधारण ३० टक्के, लहान विक्रेत्यांना १५. कापसाची एकाधिकार खरेदी योजना तुमच्या वडिलांना आठवत असेल. १९७२ मध्ये सुरू झाली. शेजारच्या राज्यात भाव चांगला असला तरी कापूस तिकडे न्यायचा नाही, पणन महासंघालाच द्यायचा. हेतू चांगला होता, पण दुसरा गिऱ्हाईकच नाही म्हटल्यावर शेतकऱ्याच्या हातात काही उरत नाही. ॲप बनवणाऱ्यांचं तसंच आहे. २०२४ च्या १ मार्चला गूगलने याच पैशांच्या वादातून दहा भारतीय कंपन्यांची ॲप प्ले स्टोअरवरून काढली. त्यांत नोकरी शोधायची होती, लग्न जुळवायची होती. सरकारने मध्ये पडल्यावर काही दिवसांत परत आली. सांगायचा मुद्दा हा, की 'मोकळ्या' अँड्रॉइडवरही एका कंपनीच्या निर्णयाने एका दिवसात हे होऊ शकलं.

आणि मोकळीक आक्रसते आहे. गूगलने २०२५ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केलं की पुढे प्रमाणित अँड्रॉइड फोनवर तेच ॲप बसेल ज्याच्या निर्मात्याने आपली ओळख त्यांच्याकडे नोंदवली आहे, मग ते प्ले स्टोअरबाहेरचं का असेना. सुरुवात २०२६ च्या सप्टेंबरमध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून, बाकी जगात २०२७ पासून. खूप ओरड झाल्यावर जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू असं त्यांनी म्हटलं. त्या शिक्षकांना आठवून मला वाटतं, नोंदणी हवी. पण कृषी महाविद्यालयातल्या एखाद्या पोराने गावच्या पाण्याच्या पाळीसाठी छोटं ॲप करून मित्रांना दिलं, तर त्यालाही अमेरिकेतल्या कंपनीकडे नाव लिहावं लागावं का? ओळख तपासायची तर ती सरकारी किंवा स्वतंत्र यंत्रणेने तपासावी, बाजाराच्या मालकाने नाही. माझं मत हेच आहे आणि ते पक्कं आहे.

गूगलची पकड कुठून येते तेही थोडक्यात सांगतो. अँड्रॉइडचा गाभा कोणालाही फुकट घेता येतो. पण नकाशे, प्ले स्टोअर, नोटिफिकेशन पोहोचवणारी व्यवस्था, हे सगळं गूगलच्या स्वतःच्या बंद डब्यात आहे, आणि त्याशिवाय फोन अर्धा राहतो. २०१९ मध्ये अमेरिकी सरकारच्या निर्बंधांमुळे हुआवेच्या नव्या फोनांना हा डबा मिळेना, तेव्हा उत्तम यंत्रं असूनही चीनबाहेर त्यांची विक्री कोसळली. हा डबा हवा असेल तर आमची सगळी ॲप आधीच घालून द्या, शोधाची पट्टी आमचीच ठेवा, अशा अटी होत्या. त्याबद्दल २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सीसीआयने गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. (आपल्याकडे सीसीआय म्हटलं की कापूस निगम आठवतो. हा भारतीय स्पर्धा आयोग, दोन्हींची आद्याक्षरं एकच.) त्यानंतर भारतात गूगलला अटी सैल कराव्या लागल्या. ॲपलच्या स्टोअरच्या अटींचीही याच आयोगाने २०२१ च्या अखेरीस चौकशी सुरू केली. आणि दोघे एकमेकांचे वैरी आहेत असंही समजू नका. आयफोनवर शोधासाठी गूगल आधीच लावलेलं असतं, त्यासाठी गूगलने ॲपलला २०२२ या एका वर्षात सुमारे २० अब्ज डॉलर दिल्याचं अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आलं.

एक प्रयोग मी स्वतः केला आहे. एका विद्यार्थ्याचा चार वर्षांचा फोन होता, अपडेट बंद झालेले. त्याचा बूटलोडर, म्हणजे फोनवर कोणती प्रणाली सुरू होईल ते ठरवणारं कुलूप, उघडून मी लिनेजओएस ही अँड्रॉइडच्या फुकट गाभ्यावर बनलेली प्रणाली टाकून दिली. फोन नव्यासारखा पळायला लागला, नको ती ॲप गेली, पोरगा खूश. तिसऱ्या दिवशी परत आला: बँकेचं ॲप उघडत नव्हतं. फोन प्रमाणित राहिला नाही म्हणून ते चालायला तयार नाही. वर्ग १ ची जमीन मिळाली, पण बाजारात जायचा रस्ता बंद. शिष्यवृत्ती त्याच खात्यात येत होती, त्यामुळे मुकाट्याने जुनी प्रणाली परत टाकून दिली. आता बऱ्याच कंपन्या बूटलोडर उघडूच देत नाहीत.

कुलपांचा विषय राहिला, आणि तो माझ्या जिवाला सर्वांत लागतो.

श्रावणात एक काकाजी आले, सत्तरीतले, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं. ई-पीक पाहणी करायची होती, मुदत दोन दिवसांवर. नातवाने खेळता खेळता फोन रीसेट केला होता आणि आता पडद्यावर जुन्या खात्याचा पासवर्ड मागत होता. खातं पुण्याच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी काढलं होतं, त्यालाही आठवेना. काकाजी म्हणाले, "फोन माहा, सिम माहं, बोट माहं. मंग हा कोनाचा पासवर्ड मांगते मले?" त्यांना काय उत्तर द्यावं मला सुचलं नाही. या कुलपाला आम्ही एफआरपी म्हणतो, अँड्रॉइडमध्ये ते २०१५ पासून आहे. आयफोनचं त्याच जातीचं कुलूप २०१३ पासून. चोराला फोन वापरता येऊ नये म्हणून ते आहे, आणि ते असलंच पाहिजे. आठवडी बाजारात खिशातून गेलेला फोन माझ्याच काउंटरवर उघडायला येतो, हे मला माहीत आहे. म्हणून बिल आणि डबा पाहिल्याशिवाय मी कुलपाला हात लावत नाही. काकाजी दुसऱ्या दिवशी बिल घेऊन आले, मुलाशी बोलून खातं परत मिळवलं, पाहणी झाली. पण जवळ बिल असलेल्या मालकाला कंपनीच्या दारात जाऊन "हा माझा, उघडून द्या" म्हणायची सोपी जागा तालुक्याला असायला हवी. कुलूप असू द्या, पण किल्लीचा एक जोड मालकाकडे हवा.

हप्त्यावरच्या फोनचं याहून कठीण. त्यात एक ॲप मुळातच बसवलेलं असतं, रीसेट करूनही जात नाही. हप्ता चुकला की पडदा बंद. एका ट्रॅक्टर ड्रायव्हरचा फोन असाच सोयाबीनच्या काढणीत बंद झाला. ज्या चार दिवसांत कामाचे फोन येतात त्याच चार दिवसांत. हप्ता भरायला पैसे त्या कामातूनच यायचे होते. कर्ज वसूल व्हावं, पण बैल ओढून नेल्यासारखं फोन बंद करणं मला पटत नाही. हप्त्यावर घेणार असाल तर कागदावर 'डिव्हाइस लॉक' शब्द आहे का ते वाचा.

स्वस्त फोनच्या लॉकस्क्रीनवर येणाऱ्या बातम्या आणि कर्जाच्या जाहिराती हाही एक बोजाच. फोन हजार-दोन हजारांनी स्वस्त पडतो तो त्यामुळेही. सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतात. दुकानात आलात तर मी दोन मिनिटांत करून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

हे सगळं एवढं का मनावर घेतो? कारण फोन आता हौस राहिलेला नाही. २०२५ च्या हंगामात हमीभावाने कापूस द्यायचा तर कापूस निगमच्या 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करावी लागली. पीक पाहणी ॲपवर, बँक ॲपवर, रेशनची केवायसी ॲपवर. सरकार जे ॲपशिवाय करू देत नाही, त्या ॲपच्या दारावर दोन परदेशी कंपन्यांची चौकी आहे.

तर तुमचं. पंचवीस-तीस हजारांत मी नवा अँड्रॉइड घ्या म्हणेन, रोखीने. ब्रँडपेक्षा तीन गोष्टी पाहा: किती वर्षं अपडेट देणार हे कंपनीने स्वतःच्या साइटवर लिहिलं आहे का, चार-पाच वर्षं तरी हवीत, त्या मॉडेलचा डिस्प्ले यवतमाळात मिळतो का, हे घेण्याआधी कोणत्याही कारागिराला विचारा, आणि खातं स्वतःच्या नंबरवर स्वतः काढा, पासवर्ड घरातल्या वहीत लिहून ठेवा. एपीके फाइल कोणाचीही आली तरी उघडू नका, सख्ख्या भावाची असली तरी आधी त्याला फोन करा.

आयफोनवरच जीव असेल तर त्यालाही मी नाही म्हणणार नाही. घरात कोणी एपीकेला भुलणारं असेल, किंवा ॲपने आपला माग काढू नये असं वाटत असेल, तर तो जास्त सांभाळतो. २०२१ पासून प्रत्येक ॲपला माग काढण्याआधी विचारावं लागतं, आणि ती सोय चांगली आहे. फक्त सेकंडहँड घेताना पैसे देण्याआधी विकणाऱ्याला तुमच्यासमोर त्याच्या खात्यातून बाहेर पडायला लावा, फोन रीसेट करून नव्याने सुरू होईपर्यंत थांबा, मग सेटिंगमध्ये 'अबाउट' उघडून बदललेल्या भागांची नोंद वाचा. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आलेला नंबर डब्यावरच्या नंबराशी जुळवा आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासा. विकणारा म्हणाला, "खातं उद्या काढून देतो", तर तिथूनच परत फिरा.

बिल मात्र मूळच मागा, झेरॉक्स नको. पुढे कुलूप लागलं तर माझ्याकडे येताना तेच लागेल.